जुन्या कॅम्पर व्हॅनमधली पॅनल सैल झालीत, कपाटाची दारं घाटात आपोआप उघडतात, काय करू?

स्क्रू नुसते परत आवळू नका, आधी भोकं भरून घ्या आणि कपाटांचे मॅग्नेट कॅच काढून पुश बटण लॉक (बटण दाबल्याशिवाय दार उघडत नाही असं) लावा. मी सुतारकाम करतो, गाड्यांच्या आतलंही करतो, आणि जवळजवळ प्रत्येक जुन्या गाडीत हेच दिसतं की हादऱ्यांनी प्लायमधलं भोक मोठं होतं मग स्क्रू नुसता गोल फिरत राहतो, आणि जाड स्क्रू घातला की पातळ प्लाय चिरतो.

भोकात फेव्हिकॉल मरीन आणि बांबूच्या काड्या ठोकून भरा, २४ तास वाळू द्या, मग बारीक ड्रिल मारून जुन्याच मापाचा स्क्रू. पॅनल पत्र्यावर असेल तर मात्र रिव्हेट नट (पत्र्याच्या भोकात दाबून बसवायचा आट्यांचा नट) आणि बोल्ट, तिथे पत्र्याचा स्क्रू टिकतच नाही. खडखड येत असेल तर पॅनलच्या मागे फोम टेप.

मॅग्नेट घरच्या कपाटाला ठीक आहे हो, पण कात्रज घाटाच्या वळणावर डब्यांचं वजन दारावर आलं की त्याचं काही चालत नाही. पुश लॉक पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीत मिळेल, दाराची जाडी मोजूनच जा.

फक्त एक, प्लाय बोटाने दाबून बघा, मऊ किंवा फुगलेला असेल तर पाणी मुरतंय, मग आधी खिडकीचं रबर आणि छताचे सांधे बंद करा आणि तेवढा प्लाय बदला, कुजलेल्या लाकडात काहीच धरत नाही.