बारावीनंतर जर्मनीत कॉम्प्युटर सायन्स: एजंटाला विचारण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी नाशिकला बारावी सायन्सला आहे, कॉम्प्युटरची पदवी जर्मनीत करायची आहे. एजंट म्हणतो, कोर्स इंग्रजीत आहे, जर्मन तिकडे गेल्यावर शिकेल, बारावीचा निकाल लागला की दोन-तीन महिन्यांत विमानात बसवतो.

त्याला आधी एवढंच विचारा, विद्यापीठ सरकारी की खासगी? सरकारी विद्यापीठांत हा विषय 'इन्फॉर्माटिक' या नावाने चालतो आणि बॅचलरला तो बहुतेक ठिकाणी जर्मनमधूनच शिकवतात. इंग्रजीतले कोर्स मोजकेच आहेत. इंग्रजी, झटपट प्रवेश आणि फक्त बारावी, असं तिन्ही एकदम ऐकू आलं तर तो मामला बहुधा खासगी कॉलेजचा असतो. तिथे वर्षाला हजारो युरो मोजावे लागतात आणि 'जर्मनीत शिक्षण फुकट' हे वाक्य तिथे लागू पडत नाही.

सरकारी विद्यापीठासाठी नुसती बारावी पुरत नाही. कुठल्या देशाचं कुठलं प्रमाणपत्र कितपत चालतं हे 'आनाबिन' या जर्मन सरकारी माहितीसाठ्यात दिलेलं असतं. मुलीने बायफोकल (व्यावसायिक विषय) घेतलं असेल तर तिची विषयांची जोडणी तिथे आत्ताच ताडून बघा. पुढे रस्ते तीन. पहिला, जेईई ॲडव्हान्स्ड पास असेल तर तांत्रिक शाखांना थेट अर्ज करता येतो. दुसरा, इथल्या मान्यताप्राप्त विद्यापीठात इंजिनीअरिंगचं पहिलं वर्ष पूर्ण करून त्याच शाखेला थेट अर्ज. तिसरा, श्टुडियनकोलेग, म्हणजे जर्मनीतच दोन सेमिस्टरचं तयारीचं वर्ष. त्यात इंजिनीअरिंगवाल्यांसाठी टी-कोर्स असतो (गणित, भौतिकशास्त्र, जर्मन, शिवाय रसायन किंवा इन्फॉर्माटिक) आणि शेवटी एक पात्रता परीक्षा.

दुसऱ्या रस्त्यावर दोन खड्डे आहेत. एक म्हणजे केटी. पहिल्या वर्षाचा एक विषय जरी राहिला तरी 'वर्ष पूर्ण' म्हणता येत नाही. दुसरा तारखांचा. हिवाळी सेमिस्टरच्या अर्जाची नेहमीची मुदत १५ जुलै आणि आपल्याकडचे निकाल कधीकधी त्यानंतर लागतात. मग आणखी एक सेमिस्टर किंवा अख्खं वर्ष जातं. शिवाय थेट प्रवेशाला जर्मन सी१ लागतं (भाषेच्या पायऱ्या ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२ अशा चढत जातात), म्हणजे टेस्टडाफ या भाषापरीक्षेत चारही भागांत ४ किंवा डीएसएच या विद्यापीठांच्या भाषापरीक्षेत दुसरी पातळी, डीएसएच-२. इंजिनीअरिंगचं पहिलं वर्ष सांभाळून सी१ गाठणं भल्याभल्यांना झेपत नाही.

श्टुडियनकोलेगला बी१ ते बी२ पुरतं, पण प्रवेशपरीक्षा असते. जर्मनसाठी बहुधा सी-टेस्ट येते: छोटा उतारा, त्यात दर दुसऱ्या शब्दाचा मागचा अर्धा भाग गाळलेला, तो भरायचा. शब्द ओळखून भागत नाही, शेपटीला -en की -em हेही बरोबर लागतं, आणि विभक्तीचे प्रत्यय घोकले नसतील तर तिथेच गुण जातात. गणित दहावी-बारावीचंच, पण कॅल्क्युलेटर नाही आणि वेळ तोकडा. कार्ल्सरूह, डार्मश्टाट, हॅनोव्हर, क्योथेन या ठिकाणी सरकारी कोलेग आहेत. माझं मत विचाराल तर गणित पक्कं आणि जर्मन अजून कच्चं असलेल्या मुलीला हाच रस्ता बरा. ज्या भाषेत पुढे पेपर लिहायचे ती तिथे वर्षभर कानावर पडते.

बारावीच्या टक्क्यांचं जर्मन ग्रेडमध्ये रूपांतर असं होतं: १ + ३ × (१०० − तुमचे टक्के) ÷ (१०० − उत्तीर्णतेचे टक्के). आपल्या बोर्डाचे ३५ धरले तर ८२ टक्क्यांचे १.८ होतात आणि ६५ टक्क्यांचे २.६. आकडा जितका लहान तितका चांगला.

कागदपत्रांत नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्र (भारतातली शैक्षणिक कागदपत्रं जर्मन दूतावासाच्या विभागाने तपासल्याचा दाखला) सक्तीचं आहे, फी १८,००० रुपये. ते हातात आल्याशिवाय बहुतेक अर्ज पुढे सरकत नाहीत, म्हणून निकाल लागताच कागद पाठवा. अनेक विद्यापीठांचे अर्ज युनी-असिस्ट या सामाईक अर्ज तपासणाऱ्या संस्थेमार्फत जातात, पहिल्याला ७५ युरो आणि पुढच्या प्रत्येकाला ३०.

पैशांचं म्हणाल तर बहुतेक राज्यांत ट्यूशन फी नाही, सेमिस्टरचा वर्गणीवजा खर्च काही शे युरोंच्या आत. पण बाडन-व्युर्टेम्बर्गमध्ये युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो पडतात आणि म्युनिकच्या टीयूने (तांत्रिक विद्यापीठ) २०२४ पासून बॅचलरला सेमिस्टरमागे २,००० ते ३,००० युरो लावले आहेत. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, त्यातून महिन्याला ९९२ काढता येतात. हा आकडा मधूनमधून वाढतो, भरण्याआधी ताजा बघा. म्युनिकमध्ये ९९२ मधून भाडं गेल्यावर हातात फारसं राहत नाही. केम्निट्स किंवा माग्डेबुर्गसारख्या स्वस्त शहरांत निभतं. वसतिगृहाची प्रतीक्षायादी लांब असते, त्यामुळे प्रवेशपत्र आलं की त्याच दिवशी नाव घाला. पार्टटाइम काम वर्षाला १४० पूर्ण दिवसांपर्यंत करता येतं, पण पहिल्या वर्षाचा हिशेब त्या कमाईवर मांडू नका.

कारण खरी चाळणी प्रवेशाची नाही, पहिल्या दोन सेमिस्टरची आहे. प्रवेश मिळणं त्या मानाने सोपं, टिकणं अवघड. दर आठवड्याला गणिताचं एक 'उबुंग्सब्लाट', म्हणजे सरावपत्रिका, मिळतं, चार-पाच प्रश्नांचं. 'हे इंटिग्रल सोडवा' असं त्यात क्वचितच असतं. असतं ते 'सिद्ध करा की प्रत्येक बद्ध, एकदिश क्रमिका (सीक्वेन्स) अभिसारी असते'. बारावीला गणितात पंचाण्णव मिळवलेली मुलंही इथे अडखळतात, कारण आपण रीत पाठ करतो आणि इथे दर पायरीला 'का' लिहावं लागतं. अनेक विषयांत या पत्रिकांचे निम्मे गुण मिळाल्याशिवाय लेखी परीक्षेला बसूच देत नाहीत. परीक्षेची नोंदणीही स्वतः ऑनलाइन करायची असते. तारीख चुकली की सेमिस्टर गेलं, कोणी आठवण करत नाही. एका विषयात साधारण तीन प्रयत्न. तिसराही गेला तर नाव कटतं, आणि तोच कोर्स जर्मनीत दुसरीकडे घ्यायची वाटही सहसा बंद होते. जुने पेपर विद्यार्थी संघटनेकडे मिळतात, ते पहिल्या आठवड्यातच मागून घ्यावेत.

मुलीला जर्मन मनापासून शिकायचं नसेल तर इथे बीई करून इंग्रजीतल्या मास्टर्सला जाणं शहाणपणाचं. तिकडे जाणारी आपली बरीच मुलं तेच करतात.

आणि जायचंच ठरलं तर बी२ पर्यंत दहा महिने ते वर्ष धरा. म्हणजे बारावीच्या वर्षीच जाणं विसरा, पुढच्या वर्षाचं बघा. पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात (जर्मन शिकवणारी संस्था) जर्मनच्या परीक्षेच्या जागा लवकर भरतात. आज करण्यासारखं एक काम आहे: बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग मुलीचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर वडिलांचं नाव आलंय की नाही ते बघा. दोन्हीकडे फरक असेल तर एपीएसला कागद पाठवण्याआधी एकाच व्यक्तीची ही दोन नावं असल्याचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा.