लिथियम की व्हॅल्प्रोएट? बहीण 24 वर्षांची आहे, कमी साइड इफेक्ट कशाचे?

डॉक्टर नाही मी. माझा धाकटा भाऊ बायपोलरसाठी (मूड कधी फार चढतो, कधी फार उतरतो तो आजार) 2014 पासून लिथियमवर आहे, म्हणून लिहितेय.

वय 24 ना, मग व्हॅल्प्रोएटचं नाव निघालं की डॉक्टरांना तोंडावर विचारा, पुढे मूल हवं असेल तर काय. त्याने गर्भातल्या बाळाच्या मणक्यात-मेंदूत दोष येऊ शकतात आणि दिवस गेलेत हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

लिथियम 1949 पासूनचं औषध, स्वस्त, आणि आत्महत्येचा धोका कमी करण्यात माझ्या मते त्याच्या तोडीचं दुसरं नाही. फक्त रक्तातली लेव्हल सांभाळायची, साधारण 0.6 ते 1, दीडच्या वर गेली की विष. हे आम्हाला वारीत कळलं.

2017 ला भाऊ माउलींच्या पालखीबरोबर निघाला. दिवेघाट चढून सासवडला पोचला तोवर गुडघे धरलेले, दिंडीतल्या कुणीतरी डायक्लोफेनॅक नावाच्या पेनकिलर गोळ्यांची पट्टी दिली, ती हा सकाळ-संध्याकाळ घेत राहिला, त्यात जुलाब लागले. फलटणला मी भेटायला गेले तर चहाचा पेला ओठापर्यंत जाईना, सगळा चहा गळ्यातल्या तुळशीच्या माळेवर, जीभ जड झालेली. सगळे म्हणत होते थकवा आहे. लेव्हल निघाली 2.3. त्या पेनकिलरने किडनीतून लिथियम नीट बाहेर पडत नाही, वर अंगातलं पाणी-मीठ गेलेलं. तीन वर्षं मी रिपोर्ट फाइलला लावत होते, पेनकिलरबद्दल एका शब्दाने कुणी सांगितलं नव्हतं.

सलाइनवर सावरला. डॉक्टर म्हणाले कमी डोसने परत सुरू करा, पण आमचे थोरले काका हॉस्पिटलातच म्हणाले, गोळीनेच पोरगं गेलं असतं, बंद करा, आणि बाबांनी ऐकलं. गणपतीत हा चार रात्री झोपला नाही. पहाटे 3 ला माळ्यावरची सगळी पितळी भांडी उतरवून चिंचेने घासत बसला होता, बोटं सोलली तरी हात थांबेना.

काका अजून म्हणतात गोळी नसती तर वारी पूर्ण झाली असती. काका, ती भांडी तुम्ही पाहिलीच नाहीत, तुम्ही आरती करून सांगलीला निघून गेला होतात.

बाकी औषधांत, क्वेटियापिनने झोप आणि वजन दोन्ही वाढतं. डिप्रेशनच जास्त असेल तर लॅमोट्रिजिनचं विचारा, ते हळूहळूच वाढवतात, अंगावर पुरळ आलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. लिथियमही साधं नाही, थायरॉइड-किडनीची तपासणी सहा महिन्यांनी लागतेच, भावाला थायरॉइडची गोळी सुरू झालीय. आणि कुणाला काय लागू पडेल ते घेऊनच कळतं, तुमच्या बहिणीचं वेगळं असू शकतं.

2019 ला भाऊ परत वारीला गेला, लिथियम चालू ठेवून. पिशवीत ओआरएस आणि साधी पॅरासिटामॉल. पंढरपूरला पोचला. काकांना फोटो पाठवला होता मी.