डिकलखाली चंदेरी झाक

प्रश्न : लोटस ४९ या फॉर्म्युला वन शर्यतीच्या गाडीच्या १/२० मापाच्या मॉडेलवर ५ नंबराचे डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायचे पातळ चित्र) लावले. वाळल्यावर कडेने चंदेरी झाक दिसते. गाडी १९६७ च्या झांडवूर्ट (नेदरलँड्स) शर्यतीतली, चालक जिम क्लार्कची करायची आहे. मागे पंख (गाडीला रस्त्यावर दाबून धरणारी आडवी फळी) लावू का?

उत्तर : झाक म्हणजे डिकलखाली अडकलेली हवा. रंग मॅट किंवा खरखरीत राहिला की पातळ पापुद्रा उंचवट्यांवरच टेकतो. आता डिकल उपटू नका. बारीक सुईने झाकेवर टोचे मारा, डिकल सॉफ्टनरचा (डिकल मऊ करणाऱ्या द्रवाचा) एक थेंब सोडा आणि ओल्या कापसाच्या बोळ्याने मधून कडेकडे हलकेच दाबा. सुरकुत्या पडल्या तरी हात लावू नका, वाळताना त्या बहुधा बसतात. गरज पडली तर दोन-तीनदा करा. पुढच्या वेळी आधी ग्लॉस क्लिअर (चकचकीत पारदर्शक लेप) मारून किमान २४ तास वाळू द्या. शेवटच्या लॅकरचे (डिकलवरच्या पारदर्शक लेपाचे) पहिले दोन हात अगदी विरळ. ओला जाड थर डिकल विरघळवतो.

पंख नको! ते १९६८ मध्ये आले. लाल-पांढरा-सोनेरी रंगही तेव्हाचाच. तुमची गाडी हिरवी, पिवळ्या पट्ट्याची.