पात्याआधी मूठ का जाते?

प्रश्न : फांद्या छाटणे, दोर कापणे, जळण फोडणे अशा जड कामासाठी सुरा घ्यायचा आहे. लाकूड, जी-टेन, मायकार्टा यांपैकी कोणती मूठ सगळ्यात जास्त टिकते?

उत्तर : नुसता टिकाऊपणा पाहिला तर जी-टेन. काचेच्या धाग्यांच्या कापडाचे थर एपॉक्सीत, म्हणजे दोन भाग मिसळल्यावर घट्ट होणाऱ्या रेझिनमध्ये, भिजवून उष्णता आणि दाबाखाली घट्ट केले की जी-टेन तयार होते. ते पाणी जवळजवळ पीत नाही, घामातेलाने बिघडत नाही. पण गुळगुळीत घासलेले जी-टेन ओल्या हातातून निसटते, आणि फार खरखरीत ठेवले तर तळहाताला फोड येतात.

मायकार्टात काचेऐवजी सुती किंवा लिननचे कापड असते, कधी कागद. थर बांधणारे रेझिन बहुधा फिनॉलिक, म्हणजे बेकेलाइटच्या जातीचे. जाड कॅनव्हासचा, पॉलिश न केलेला मायकार्टा ओल्या हातातही घट्ट धरता येतो, कारण वरचे धागे थोडा ओलावा शोषतात. वापराने तो काळवंडतो, त्याची काळजी करू नका. तासन्‌तास हातात राहणाऱ्या सुऱ्याला आम्ही मायकार्टाच सुचवू.

लाकूड हाताला सर्वांत सुखाचे, पण ते रेषांना आडवे फुगते आणि आकसते. आतले पोलाद ओलाव्याने तसूभरही हलत नाही, म्हणून दोघांमध्ये फट पडते.

मात्र कोणतीही मूठ मोडते क्वचित, सुटते जास्त. म्हणून घेताना आधी पात्याचे शेपूट, म्हणजे मुठीत शिरणारा भाग, पाहा. ते मुठीच्या टोकापर्यंत पूर्ण रुंदीचे असेल तर साधी लाकडी मूठही वर्षानुवर्षे साथ देते. अरुंद, आखूड शेपटावर जी-टेन बसवले तरी जोर लावल्यावर शेपूटच वाकेल किंवा तुटेल.

प्रश्न : शिसमच्या मुठीत शेपटाच्या दोन्ही बाजूंना लाकडी पट्ट्या आहेत, त्यांतली एक पोलादापासून सुटली आहे. फटीत सुपरग्लू भरला, पण महिन्याभरात पुन्हा सुटली. काय चुकले?

उत्तर : दोन गोष्टी. सुपरग्लू वाळल्यावर ठिसूळ होतो, आघात सोसत नाही. शिवाय फटीतून गेलेल्या पाण्याने आत गंज धरला असणार. गंज पोलादापेक्षा जास्त जागा व्यापतो आणि पट्टीला आतून ढकलत राहतो. वरून काहीही भरले तरी तो तिथेच राहतो, त्यामुळे पट्ट्या काढाव्याच लागतील.

आधी धारेवर जाड टेप गुंडाळा. पट्ट्या शेपटाला धरून ठेवणाऱ्या पिनांची डोकी कानशीने घासून पिना ठोकून काढा आणि पातळ पटाशीने पट्ट्या सोडवा. आच लावू नका, पात्याचे पाणी, म्हणजे कडकपणा, उतरेल. शेपटावरचा गंज ८० नंबरच्या सँडपेपरने पूर्ण काढा आणि खोल ओरखडे राहू द्या. एपॉक्सी त्यांतच रुतते. पट्ट्यांची आतली बाजू सपाट काचेवर पेपर ठेवून घासा. नंतर मधला भाग किंचित खोलगट करा, कडा मात्र चहूबाजूंनी टेकल्या पाहिजेत.

शिसम तेलकट लाकूड आहे, आणि इथेच बहुतेकांचे काम फसते. अ‍ॅसिटोनने पुसल्यावर थोड्या वेळाने तेल पुन्हा वर येते, म्हणून पुसून वाळताच चिकटवा. एपॉक्सी ५ मिनिटांची नको, सावकाश घट्ट होणारी घ्या. दोन्ही भाग डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच मिसळा. अंदाजाने घेतले तर मिश्रण कायमचे चिकट राहू शकते.

नव्या पिनाही खरखरीत करून चिकटवाच. क्लँप कडेने एपॉक्सीची बारीक रेघ बाहेर येईपर्यंतच आवळा. जास्त आवळला तर सगळी एपॉक्सी बाहेर पडते आणि जोड कोरडा राहतो. पात्याकडच्या कडेवर सांडलेली लगेच पुसा, नंतर तिथे हत्यार पोचत नाही. २४ तास हलवू नका.

शेवटी जवसाच्या तेलाचे ३ पातळ हात द्या, मध्ये एकेक दिवस सोडून. तेलाची फडकी बोळा करून टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. उघडी पसरून वाळवा. शिसमऐवजी जी-टेन बसवणार असाल तर ते ओले करून घासा आणि मास्क लावा. काचेची ती धूळ फुप्फुसांना घातक आहे.

प्रश्न : रबरी मूठ चिकचिकीत झाली आहे. काय करावे?

उत्तर : मऊ रबरासारखे प्लास्टिक काळाने असे होतेच, पेट्रोल, तेल आणि डासांसाठी लावायचे डीट असलेले मलम यांनी लवकर होते. स्पिरिटने पुसून वरचा चिकट थर निघेल, पण काही दिवसांनी नवा येईल. खालचे शेपूट पूर्ण रुंदीचे असेल तर ती मूठ काढून मायकार्टाच्या पट्ट्या बसवा, कृती वरचीच.