काटा रुतला की पांढऱ्या पेशी रक्तातून नेमक्या तिथेच कशा उतरतात?

खरं तर ठिकाण रक्तवाहिनीच दाखवते. जखमेजवळच्या ऊतीतून संदेश आले की वाहिनीच्या आतल्या अस्तरावर सिलेक्टिन नावाची प्रथिनं उगवतात. वाहत चाललेली न्यूट्रोफिल ही पांढरी पेशी त्यांना अडखळते, सुटते, पुन्हा अडखळते. गोखरू धोतराला चिकटावं तशी, पण घट्ट नाही. त्यामुळे ती भिंतीवरून गडगडत हळू होते.

मग अस्तरावरचे केमोकाइन, म्हणजे पेशींना बोलावणारे रासायनिक संदेश, तिला जागं करतात आणि तिच्या पृष्ठभागावरचे मिटलेले इंटिग्रिन, म्हणजे पकड घेणारी प्रथिनं, क्षणात उघडतात. ते अस्तरावरच्या आयकॅम-१ या प्रथिनाला पकडतात आणि पेशी थांबते. पुढचा भाग मला सगळ्यात विलक्षण वाटतो: पेशी चपटी होते, दोन अस्तरपेशींच्या सांध्यात एक पाय घालते आणि सगळं अंग त्या फटीतून ओढून घेते. तिचं केंद्रक खंडाखंडांचं असतं, म्हणून तेही निघतं.

बाहेर आल्यावर मात्र चिकटणं तेवढं गरजेचं नसतं. ऊतीतल्या कोलॅजन तंतूंच्या जाळीत, स्वतःतल्या ॲक्टिन या प्रथिनाच्या जोरावर पुढचा भाग पसरायचा, मागचा आवळायचा, अशी ती सरकते. डेंड्रिटिक पेशी, म्हणजे आणखी एक प्रकारच्या रोगप्रतिकारक पेशी, तर इंटिग्रिन नसतानाही ऊतीतून चालतात, हे उंदरांवरच्या प्रयोगांत २००८ मध्ये दिसलं.

पण वाहिनीतून उतरायला इंटिग्रिन हवंच. सीडी१८ या त्याच्या भागात जन्मजात दोष असलेल्या बाळांची नाळ उशिरा गळते, जखमांत पू होत नाही, आणि रक्तात मात्र पांढऱ्या पेशी भरमसाट सापडतात.