वाचकांचे प्रश्न: एक ट्यूब, घरात पाच माणसं

फाल्गुन सरत नाही तोच या सदराकडे उन्हाची पत्रं सुरू होतात. यंदाच्या पत्रांत सनस्क्रीनचेच प्रश्न जास्त आहेत, त्यातले काही इथे घेतले आहेत.

एसपीएफ 50 ची 50 ग्रॅमची ट्यूब आणली. घरातले पाचही जण रोज सकाळी लावतात. ट्यूब दोन महिने पुरली, तरी चेहरे काळवंडलेच. कंपनी बदलू का?
– गृहिणी, भुसावळ

ताई, ट्यूब दोन महिने पुरली हेच खरं दुखणं आहे. एसपीएफचा, म्हणजे ऊन अडवण्याच्या ताकदीचा, आकडा प्रयोगशाळेत काढतात तेव्हा दर चौरस सेंटिमीटर त्वचेला 2 मिलिग्रॅम क्रीम लावतात. मोठ्या माणसाचा चेहरा, कान आणि मान मिळून साधारण 600 चौरस सेंटिमीटर धरा. म्हणजे एका वेळेला सव्वा ग्रॅमच्या आसपास क्रीम हवं. या हिशेबाने तुमची ट्यूब चाळीस वेळा पुरते, पाच जणांना जेमतेम आठ दिवस. तुमच्याकडे ती साठ दिवस चालली, म्हणजे प्रत्येकाला गरजेचा सातवा हिस्सा मिळाला. इतक्या पातळ थरात 50 चा आकडा ट्यूबवरच राहतो, तोंडावर येत नाही.

मोजायची रीत सोपी आहे. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत क्रीमची एकेक रेघ काढायची. सगळं एकदम थापलं की पांढरे पट्टे उठतात, म्हणून आधी एका बोटाचं लावा आणि दोन-तीन मिनिटांनी दुसऱ्याचं. हमखास सुटणाऱ्या जागा म्हणजे कान, मानेची मागची बाजू, कपाळावरची केसांची कड आणि हातांचे पंजे. (पंजांसाठी क्रीम वेगळं घ्यायचं, ते दोन बोटांत धरलेलं नाही.) घराबाहेर पडण्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधी लावा. उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा, आणि घाम पुसला असेल तर त्याआधीच.

आता खर्चाचं. पूर्ण मात्रेत लावलं तर एसपीएफ 30 यूव्हीबी (त्वचा भाजणारी अतिनील) किरणं सुमारे 97 टक्के अडवतं आणि 50 सुमारे 98 टक्के. म्हणून 30 चा मोठा पॅक घेऊन हात सैल सोडणं परवडतं. हात आखडणारच असेल तर मात्र 50 च बरं. पण काळवंडण्यात यूव्हीए या दुसऱ्या अतिनील किरणांचा मोठा वाटा असतो आणि एसपीएफ हे मुख्यतः यूव्हीबीचं माप आहे. यूव्हीएसाठी ‘पीए’ या अक्षरांपुढची अधिकची चिन्हं मोजा. तीन तरी हवीत, चार असली तर उत्तम. उत्पादन परवान्याचा नंबर आणि मुदतीची तारीख नसलेली ट्यूब स्वस्त असली तरी घेऊ नका. आणि पाचही जणांना सारखा वाटा कशाला? जो दिवसभर घराच्या आत, खिडकीपासून लांब असतो, त्याचं क्रीम दुपारी बाहेर हिंडणाऱ्याला द्या.

आम्ही चटके बसतात म्हणून दुपारी दोन ते पाच घरी थांबतो. सकाळी नऊ ते एक वावरात असतो. तरी मान आणि हात कोळशासारखे का?
– शेतकरी, रावेर तालुका

भाऊ, ऊन लागू नये म्हणून तुमची विश्रांतीची वेळ बरोबर आहे. त्वचेसाठी ती चुकते. चटका जाणवतो तो उष्णतेचा. अतिनील किरणं अंगाला कळतच नाहीत. आपल्याकडे पारा तीन-चारच्या सुमाराला सगळ्यात वर असतो. अतिनील किरणांचा जोर मात्र सूर्य माथ्यावर असताना, म्हणजे खानदेशात साडेबाराच्या आसपास सर्वाधिक असतो. मेच्या अखेरीला तर जळगाव-धुळ्यात सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर येतो. घड्याळ नसलं तरी सावली बघा: ती तुमच्या उंचीपेक्षा आखूड झाली की किरणं जोरात आहेत. जमेल तेवढं काम सहा ते दहात उरका आणि उरलेलं साडेचारनंतर.

दिवसभर राबणाऱ्याने अंगभर क्रीम लावायला आम्ही सांगणार नाही. हातपाय धरून सगळ्या अंगाला एका वेळेला 30 ग्रॅमच्या आसपास लागतं, ते कुणाच्या खिशाला झेपणार? तुमचं काम कापडाने होईल. पूर्ण बाह्यांचा, घट्ट विणीचा शर्ट घाला. विरलेला पांढरा सुती शर्ट थंड वाटतो, पण त्यातून किरणं बरीच आत येतात, आणि घामाने भिजल्यावर आणखी. शर्ट उजेडासमोर धरून आत हात घाला. बोटं दिसली तर तो वावरात नको. डोक्याला रुमाल गुंडाळताना त्याचं टोक मानेवर सोडा. एवढं केल्यावर उघडा राहतो तो चेहरा, कान आणि पंजे, क्रीम तिथेच. फवारणीनंतर किंवा खत टाकल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय तोंडाला क्रीम लावायला जाऊ नका. आणि क्रीमने उष्माघात टळत नाही. पाणी आणि सावली लागतेच.

वडील 62 वर्षांचे. चेहरा, मान आणि हात सतत खाजतात, कातडी जाड आणि काळी झाली आहे. उन्हाची अ‍ॅलर्जी समजून सनस्क्रीन दिलं, फरक नाही.
– चोपडा

त्यांच्या पापण्या, कानामागची जागा, हनुवटीखालचा भाग आणि कोपरांची लवण नीट पाहा. तिथे ऊन फारसं पोहोचत नाही. उन्हाचा त्रास असेल तर या जागा बहुधा साफ राहतात, आणि नाक, गाल, छातीचा उघडा भाग बिघडतो. या झाकल्या जागाही खाजत असतील तर पहिला संशय गाजर गवतावर घ्या. त्याचे वाळलेले बारीक कण हवेतून येऊन पापण्यांवर आणि घड्यांत बसतात. क्रीम त्यांना अडवू शकत नाही. वर्षानुवर्षं हा त्रास राहिला की काहींची त्वचा उन्हालाही सोसेनाशी होते, आणि मग दोन्ही दुखणी एकमेकांत मिसळतात.

बांधावरचं गवत फुलोऱ्याआधी उपटून घ्या, पण वडिलांच्या हातून नको. ते वावरातून आले की आधी आंघोळ, मग धुतलेले कपडे. त्वचारोगतज्ज्ञ पॅच टेस्ट (संशयित पदार्थ त्वचेला चिकटवून पाहायची चाचणी) करून कारण पक्कं करू शकतात. जाताना चालू गोळ्यांची पाकिटं न्या. रक्तदाबासाठी दिलं जाणारं हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा जंतुसंसर्गावरचं डॉक्सिसायक्लिन यांनीही त्वचा उन्हाला हळवी होते. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही.

आखाजीला मुलगी माहेरी येतेय. एक नातू चार महिन्यांचा, नात तीन वर्षांची. दोघांना एकच सनस्क्रीन चालेल का?
– आजी, अमळनेर

नातवाला सनस्क्रीन नकोच. सहा महिन्यांखालच्या बाळाला सावली, पातळ पण पूर्ण बाह्यांचं झबलं आणि टोपडं. दहा ते चार त्याला बाहेर काढू नका. नातीला झिंक ऑक्साइडचं, वास नसलेलं क्रीम घ्या. ते थोडं पांढरट दिसतं, तेवढं चालवून घ्या. आधी एक दिवस कोपराच्या आत वाटाण्याएवढं लावून पुरळ येतं का ते पाहा. लहान मुलं पंजे चोखतात, म्हणून तिच्या पंजांना नको. झोका निंबाच्या दाट सावलीत बांधलात तर क्रीम कमी लागेल, पण जमिनीवरून आणि भिंतींवरून काही किरणं उलटून येतातच.

बाळंतपणानंतर गालांवर वांग आले. ओळखीच्या बाईने सांगितलेल्या क्रीमने महिन्यात चेहरा उजळला. सोडल्यावर दुप्पट काळा पडला. आता सनस्क्रीन कोणतं?
– शहादा

आधी त्या क्रीमच्या वेष्टणावर मोमेटासोन, बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल असं काही छापलंय का ते पाहा. ही स्टिरॉइडं आहेत. चेहऱ्यावर फार दिवस लावली की त्वचा पातळ होते, लाल पडते, लव वाढते. सोडल्यावर आणखी बिघाड होऊ शकतो, म्हणून पुढचं डॉक्टरांवर सोडा आणि ट्यूब बरोबर न्या. सनस्क्रीन मात्र आजपासूनच, आणि वांगासाठी रंगीत, म्हणजे आयर्न ऑक्साइड असलेलं. वांग डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानेही गडद होतो, आणि साधं पांढरं क्रीम तो उजेड नीट अडवत नाही. खिडकीच्या साध्या काचेतून यूव्हीए आत येतं, तेव्हा शिवणयंत्र खिडकीत असेल तर घरातही लावा. लिंबू चोळून उन्हात जाणं बंद करा. त्या रसावर ऊन पडलं की त्वचा भाजते आणि डाग महिनोन्‌महिने राहतात.

ट्यूब स्कुटीच्या डिकीत ठेवते. आता दाबली की आधी पाणी निघतं, मग गोळे. हलवून वापरू का?
– विद्यार्थिनी, जळगाव

नाही. उन्हात उभ्या गाडीची डिकी बाहेरच्या हवेपेक्षाही तापते आणि त्या उष्णतेने क्रीम फाटलं आहे. आता त्याचा थर सारखा बसणार नाही, कुठे दाट तर कुठे काहीच नाही. हलवून ते पूर्ववत होत नाही. टाकून द्या. नवी ट्यूब घरी गार जागी ठेवा आणि कॉलेजला लागेल तेवढी लहान डबी दप्तरात न्या. स्कार्फ बांधण्याआधी क्रीम दहा मिनिटं मुरू द्या, नाहीतर ते कापडालाच लागतं. आणि डोळ्यांभोवतीची उघडी पट्टी विसरू नका.