वारा मागून येतो

तुम्ही विचारलंय की केस कमरेपर्यंत आहेत, टप उघडणारी गाडी घेतली आहे, तर टोपी पुरेल, स्कार्फ बांधावा, की सरळ केस कापून मोकळं व्हावं. तिसरा पर्याय तुमच्या डोक्यात कुणीतरी घातलाय हे वाचताक्षणी कळलं. माझ्या डोक्यात तो दादाने घातला होता. बारा वर्षं झाली तरी आमच्यात तो विषय मिटलेला नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

केस कापू नका. टोपीचा काही उपयोग नाही. आता का ते सांगते.

माझी गाडी दोन सीटची, कापडी टपाची, जुनी घेतलेली. सुरुवातीला मी नुसती पोनी बांधून निघायचे. दादाचं गणित सोपं होतं: गाडी पुढे जाते, वारा समोरून येतो, केस मागे उडतात, मग डोळ्यांवर येतीलच कसे? मलाही ते पटलं होतं. एका संध्याकाळी उतारावर, वळणाच्या जरा आधी, रबर निसटलं. वेग ऐंशीच्या आसपास होता. केस मागे उडालेच नाहीत. मानेच्या मागून सगळे एकदम वर उठले आणि पुढे तोंडावर आले. काही बटा चष्म्याच्या दांडीत अडकल्या, काही तोंडात गेल्या, आणि समोर काळ्या पडद्याखेरीज काही दिसेना. ताशी ऐंशीच्या वेगाने गाडी सेकंदाला बावीस मीटर जाते. मला एका हाताने केस बाजूला करायला दोन सेकंद तरी लागले असतील. म्हणजे चव्वेचाळीस मीटर मी आंधळ्यासारखी गाडी चालवली. समोरून कोणी आलं नाही, म्हणून आज हे लिहिते आहे.

घरी आले तेव्हा मानेशी लिंबाएवढा गुंता झाला होता. दादाने पाहिलं आणि काही न बोलता कात्री आणून टेबलावर ठेवली. त्या कात्रीचा मला जितका राग आला तितका त्या वाऱ्याचाही आला नव्हता. मी तेल घेतलं, मोठ्या दातांची फणी घेतली, आणि टोकापासून वर, एकेक बट बोटांनी धरत, दोन तास बसून तो गुंता सोडवला. तुटले ते थोडेच. केसावर कौलांसारखे बारीक खवले असतात आणि त्यांच्या कडा टोकाकडे असतात. वाऱ्यात केस एकमेकांवर घासले की ते खवले एकमेकांत अडकतात. वरून खाली फणी ओढली की गाठ आणखी आवळते. दादाला हे ऐकायचं नव्हतं. तो म्हणाला, "केस ठेव नाहीतर गाडी ठेव, दोन्ही जमणार नाही."

पुढच्या रविवारी मी वीतभर लांबीचे लोकरीचे बारा धागे कापले आणि चिकटपट्टीने गाडीत लावले. समोरच्या काचेच्या वरच्या पट्टीवर चार, दोन्ही दारांवर दोन-दोन, आणि सीटच्या पाठींच्या वरच्या कडेला चार. गाडी दादाला चालवायला लावली. मी वेणी घालून शेजारी बसले आणि बघत राहिले. तीसच्या वेगाला धागे नुसते थरथरत होते. साठला काचेवरचे धागे ताठ मागे गेले, दादा म्हणत होता तसेच. पण सीटच्या पाठीवरचे धागे उठून पुढे वळले आणि आमच्या कानांकडे टोकं करून फडफडू लागले! कारण असं की काचेच्या कडेवरून वारा सुटून वर निघून जातो, त्यामुळे माणसं बसतात त्या जागेत दाब कमी होतो, आणि ती पोकळी भरायला हवा मागच्या बाजूने आत वळते. लांब केसांना मारते ती ही मागून येणारी हवा. टोपीलाही ती मागूनच उचलते, आणि उडालेली टोपी मागच्या गाडीच्या काचेवर आदळू शकते.

मग दारांच्या काचा वर केल्या. दारांवरचे धागे लगेच शांत झाले. नंतर सीटच्या मागे बसवायची वारारोधक जाळी आणली, तेव्हा मागचे धागेही जवळजवळ लोंबकळत राहिले. जाळीच घ्या. तिच्या भोकांतून थोडी हवा जाते, पण तिचा जोर मोडतो, आणि आरशात मागचं दिसतं. गाडीला ती जन्मतःच असेल आणि तुम्ही दिसायला बरी नाही म्हणून काढून ठेवली असेल, तर आजच परत बसवा. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो, त्यामुळे गावातल्या गल्लीत जे चालतं ते मोठ्या रस्त्यावर चालेल असं धरू नका.

बांधायचं कसं? वेणी. पोनी नाही, कारण पोनीत केस मोकळेच राहतात. तिपेडी वेणी घट्ट घाला, मानेशी एक रबर आणि टोकाला एक. शेपटा खांद्यावरून पुढे घेऊन शर्टाच्या किंवा जॅकेटच्या आत खोचा. सीटबेल्ट ज्या खांद्यावरून जातो तो खांदा सोडून दुसऱ्या खांद्यावरून घ्या, नाहीतर पट्ट्याखाली ओढला जातो. कपाळावरच्या छोट्या बटांना पिना लावा, त्याच सगळ्यात जास्त त्रास देतात. अंबाडा घालायचा असेल तर अगदी खाली, मानेवर. डोक्याच्या मागे अंबाडा किंवा मोठा क्लचर लावला की डोकं हेडरेस्टपासून पुढे राहतं, आणि मागून धडक बसली तर मानेला आधार मिळायला उशीर होतो. क्लचर तर कडक प्लास्टिकचा असतो, तो लावून गाडी चालवूच नये असं माझं स्पष्ट मत आहे, टप बंद असला तरी.

हे सगळं करायला मला तीन मिनिटं लागतात. दादाला मी तेव्हाही हेच सांगत होते की केसांत दोष नव्हता, आमच्या समजुतीत होता. त्याचं उत्तर होतं, "पण कापले असते तर तीन मिनिटंही लागली नसती." कापले असते तर खांद्यापर्यंतचे केस वेणीत धड बसले नसते आणि थेट डोळ्यांत आले असते, हे त्याने आजतागायत मान्य केलेलं नाही. माझी खांद्यापर्यंत केस असलेली मैत्रीण माझ्या गाडीत बसते तेव्हा जास्त वैतागते ती तीच. म्हणून तुम्हाला जे कोणी कापायला सांगतंय, त्यांना आधी धागे लावून दाखवा.

स्कार्फचं राहिलंच. गुळगुळीत रेशमी कापड चांगलं, कारण केस त्यावर घासले तरी अडकत नाहीत, आणि भांग उन्हात भाजत नाही. पण हनुवटीखालून मागे नेऊन मानेवर गाठ मारायची आणि टोकं आत खोचायची. लांब मोकळी टोकं अजिबात ठेवायची नाहीत. इसाडोरा डंकन ही नर्तकी १४ सप्टेंबर १९२७ रोजी फ्रान्समधल्या नीसमध्ये उघड्या गाडीत बसली होती, तिचा लांब रेशमी स्कार्फ चाकात अडकला आणि त्यातच ती गेली.

आणि एक, आधीच लिहायला हवं होतं: न्हाल्या न्हाल्या निघू नका. ओला केस जास्त ताणला जातो आणि चटकन तुटतो. वाऱ्यात वाळतील म्हणून मी एकदा ओलेच मोकळे सोडले होते, तेव्हा सीटवर तुटलेल्या केसांचा सडा पडला होता. तुमचे केस कुरळे असतील तर वेणीच्या आधी थोडं तेल लावा. माझे सरळ आहेत, त्यामुळे कुरळ्यांचं याहून जास्त सांगायचा मला अधिकार नाही. फणी गाडीतच ठेवा, मोठ्या दातांची.